दोनवर मारलेला फ्लॅश

आठवड्यातून एकदा तरी मला असा फोन येतोच. ताई, स्टुडिओ टाकतोय, फ्लॅश कुठला घेऊ, पॉवर किती घेऊ, सॉफ्टबॉक्स केवढा घेऊ? बोलणाऱ्याला घाई असते, दुकानात उभा राहूनच बोलत असतो बहुतेक. मी विचारते, फोटो कोणाचे काढणार आहेस? तिकडून उत्तर येतं, सगळ्यांचे. मग मी म्हणते, बाबा रे, आधी कोणाचे ते ठरव, मग फोन कर. बरेच जण परत करत नाहीत. नसरीनताई खडूस आहे असं जळगावच्या फोटोवाल्यांत बोललं जातं, ते माझ्या कानावर आहे. असू दे. गोड बोलून विकायला माझं काही दुकान नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला उजेडावर लिहायला सांगितलं. दिवाळीचा अंक म्हणजे त्यांच्या मनात पणत्या-बिणत्या असणार. माझा उजेड तसला नाही. माझा उजेड क्षणभर पडतो आणि विझतो, आणि तेवढ्यात माणसाचा चेहरा सापडला तर सापडला. माझ्या अब्बांचा धुळ्याला स्टुडिओ होता. तिथे मी आधी पडदे झाडले, मग लाइट धरले, मग फोटो काढले. लग्न होऊन जळगावला आले आणि पिंप्राळ्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला. बाईमाणूस फोटो काढतं म्हणून आधी लोक बघायला यायचे, मग बायका आपले फोटो काढून घ्यायला यायला लागल्या. आता गुडघे बोलतात, म्हणून काम कमी केलंय. तोंड मात्र अजून तेवढंच चालतं.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लॅश म्हणजे नुसता दिवा. तो उघडा मारला तर माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो. म्हणून त्याच्यापुढे काहीतरी लावायचं. सॉफ्टबॉक्स म्हणजे पांढरं कापड लावलेला खोका. तो जितका मोठा आणि चेहऱ्याच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. ब्यूटी डिश ही थाळीसारखी असते, ती गालाची हाडं काढून दाखवते, ती तरण्या पोरींना चालते आणि चाळिशीच्या बाईला दिली तर ती परत पायरी चढत नाही. आणि छत्री. आतून पांढरी, बाहेरून काळी. हिच्यात दिव्याचं तोंड माणसाकडे नसतंच. ते छत्रीकडे असतं, उजेड छत्रीवर आपटून परत येतो. अब्बांकडे छत्रीच होती. नवीन पोरं छत्रीला हसतात, कारण ती स्वस्तातली वस्तू आहे आणि इन्स्टाग्रामवर बरी दिसत नाही.

यावलकडचे एक केळीवाले आबा माझ्याकडे फोटोला आले होते. उभा जन्म डोक्यावर टोपी. टोपी काढली तर कपाळ अर्धं गोरं आणि अर्धं काळं, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. मुलगा म्हणे, कॉम्प्युटरवर पुसून टाका. मी मोठा सॉफ्टबॉक्स थोडा तिरका वळवला, उजेडाची नुसती कड त्यांच्या कपाळावर घेतली, आणि रेघ विरघळली. आबा फोटो बघून म्हणाले, मी एवढा शांत कधी झालो? तर धंदा हा असा आहे. कुठला लाइट घेऊ हा प्रश्नच नाही. समोर कोण बसलंय हा प्रश्न आहे. हे मी छाती पुढे काढून सगळ्यांना सांगते, आणि हेच मी एकदा साफ विसरले. त्याचंच लिहिणार आहे.

त्याआधी अब्बांची एक युक्ती सांगायला हवी. फोटोवाला म्हणतो, एक, दोन, तीन. माणूस तीनची वाट बघतो, श्वास धरतो, मान ताठ करतो, डोळे वटारतो. तीनवर फोटो काढला तर त्यात माणूस नाही, पुतळा येतो. म्हणून अब्बा दोनवर मारायचे. तीन म्हणायच्या आत काम झालेलं असायचं आणि गिऱ्हाईक गोंधळून हसायचं, की दुसरा फोटो त्या हसण्याचा. मीही सगळी वर्षं दोनवरच मारलं. बोटाला तीच सवय.

मनीषा आमच्या पिंप्राळ्यातच भाड्याने राहायची, एका खासगी शाळेत शिकवायची. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो न्यायला यायची, तेवढी ओळख. एक दिवस ती रिकाम्या हाती आली आणि बाकड्यावर बसून राहिली. मी म्हटलं, काय गं, लग्न ठरलं म्हणून ऐकलं आणि तोंड असं का? तेव्हा तिने सगळं सांगितलं. गाव साक्रीकडचं. वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते पूर्वी एका सूतगिरणीत वीजखात्यात कामाला होते. गिरणी आता उभीसुद्धा नाही. तिथे मनीषा लहान असताना अपघात झाला, नानांचा जोडीदार सुकदेव गेला. नाना वाचले, पण त्या दिवसापासून अचानक लख्ख उजेड पडला की ते जागेवर राहत नाहीत. वीज चमकली तर घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसतात. घरात त्यांचा त्यानंतरचा एकही फोटो नाही.

आणि हे तिच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर आलं. फोटोवाला एकदम जवळ आला आणि त्याने तोंडावर फ्लॅश मारला. नानांनी त्याला दोन्ही हातांनी ढकललं, साखरेचं ताट उडालं, आणि नाना चपला न घालता हॉलमधून निघून गेले. घरच्यांना ते बसस्टँडवर सापडले. नवऱ्याचे काका चारचौघांत म्हणाले, पाहुणे पिऊन आले होते वाटतं. ज्या माणसाने चहाशिवाय काही घेतलं नाही, त्याच्याबद्दल हे बोलले. नानांनी घरी येऊन सांगून टाकलं की लग्नाचं सगळं करीन, पण मांडवात बसणार नाही. कन्यादान मामा करेल. तिकडून निरोपावर निरोप येत होते, बाप जिवंत असताना मामा कशाला?

मी म्हटलं, खिडकीच्या उजेडात काढू, फ्लॅश नकोच. तिने आधीच तो विचार केला होता. म्हणाली, ताई, फोटो हवा म्हणून नाही आले. मांडवात फ्लॅश पडणारच. इथे तुमच्याकडे एकदा जरी ते फ्लॅशसमोर बसले, तर तिथे बसतील. नाही बसले तर माझ्या हाताखाली हात कोणाचा असेल? लग्न तोंडावर आलं होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही, खरं सांगते.

जाता जाता ती सहज एक गोष्ट बोलली. घरात नाना कुठल्याही खोलीत दिवा लावायच्या आधी विचारतात, करू का? आतून कोणीतरी कर म्हणायचं, मगच ते बटण दाबतात. खोलीत कोणी नसेल तरी विचारतात. लहानपणी भावंडं हसायची, मुद्दाम गप्प बसायची, आणि नाना अंधारात तसेच उभे राहायचे. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं डोकं तेव्हा सामानात होतं.

सामानाचा मी फार विचार केला, हे मात्र खरं. स्टुडिओतला सगळ्यात मोठा आठकोनी सॉफ्टबॉक्स काढला. त्याचं आतलं कापड पिवळं पडलेलं होतं, ते धुऊन वाळवलं. एकावर एक दोन पडदे लावले म्हणजे उजेड दुधासारखा यावा. पॉवर सगळ्यात खाली आणली. चार्ज झाल्यावर फ्लॅश जी शिट्टी देतो ती बंद केली. कूलरच्या वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून पायाशी वाळूची पिशवी टाकली. एवढ्या मऊ उजेडात तान्हं बाळसुद्धा डोळे मिटत नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नाना आले. उंच, वाळलेला माणूस, पांढरा सदरा, हातात पिशवी. मी धुळ्याची म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी अहिराणी सुरू केली, आणि मला बहीन म्हणायला लागले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी आमचा एक्स्टेन्शन बोर्ड पाहिला, वायर हाताने चाचपली, अर्थिंग आहे का ते विचारलं आणि एक सैल पिन माझ्या देखत घट्ट करून दिली. मला माणूस आवडला. आधी खिडकीच्या उजेडात काही फोटो घेतले. ते मजेत बसले. मनीषा माझ्याकडे आशेने बघत होती.

मग मी सांगितलं की आता फ्लॅश. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बोटं पांढरी पडली होती. म्हणाले, आधी सांग. मी म्हटलं, नाना, मी एक, दोन, तीन म्हणेन. तीनवर पडेल. त्यांनी मान हलवली आणि त्या आठकोनी पांढऱ्या कापडाकडे नजर लावून बसले. मी एक म्हटलं. दोन म्हटलं. आणि माझ्या बोटाने दाबलं.

खुर्ची मागे पडली. नाना माझ्या बाजूने गेले ते मला नीट दिसलंही नाही, स्टँडला त्यांचा खांदा लागला आणि सॉफ्टबॉक्स फरशीवर आला. दार उघडलं आणि ते सरळ रस्त्यावर. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. मनीषा नाना, नाना करत मागे पळाली, मी तिच्यामागे. आपण हे काय केलं, एवढं एकच डोक्यात होतं.

ते पलीकडच्या पंक्चरच्या दुकानात टायरवर बसले होते. दुकानदाराने पाणी दिलं होतं, ते सदऱ्यावर सांडत होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. रागाने नाही. मला वाटलं होतं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तू तीन सांगेल व्हतं,” ते म्हणाले. “आनि मारं दोनवर.”

मनीषा त्यांना साक्रीच्या गाडीत बसवायला घेऊन गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. मी स्टुडिओत येऊन पडलेला सॉफ्टबॉक्स उचलला. एक काडी मोडली होती. रडावंसं वाटलं आणि रडले. एवढी वर्षं मी लोकांना सांगत होते, आधी माणूस बघा. आणि मी माणसाकडे न बघता कापडाचा मऊपणा बघत बसले होते. तीन म्हणते असा शब्द देऊन दोनवर मारलं, तेही ज्याने ‘आधी सांग’ एवढंच मागितलं होतं, त्याला.

मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी नाना आपण होऊन आले. मनीषा बरोबर होती, तिलाही आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. नाना म्हणाले, घरात बसून जमणार नाही, पोरीचं लग्न आहे, परत करून बघू. मी या वेळी विचार करून ठेवला होता. अपघातात यांच्यावर अवचित उजेड आला, तेव्हा उजेड यांच्याच ताब्यात दिला तर भीती जाईल, असा माझा हिशोब. कॅमेऱ्याचा रिमोट असतो, काडेपेटीएवढा. दाबला की शटर उघडतं आणि फ्लॅशही पडतो. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, नाना, तुम्हीच मारा, तुम्हाला वाटेल तेव्हा.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. रिमोटवरून अंगठा त्यांनी लांब उचलून धरला, जसा काही निखारा हातात आहे. पण ते तो खाली टाकतही नव्हते, धक्क्याने दाबला जाईल म्हणून.

“हाई मना हातमा देऊ नको, बहीन.”

मी घाईघाईने रिमोट काढून घेतला. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. मग बोलले. मनीषाकडे न बघता बोलले, पण ती तिथे आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तिनेच ऐकावं म्हणून बोलत होते असं मला आता वाटतं.

सुकदेव पॅनलच्या आत काम करत होता. खटका दुसऱ्या खोलीत होता आणि खटक्यावर नाना होते. मधल्या दाराला काच होती. त्यांची रीत ठरलेली. काम झालं की सुकदेव एक म्हणायचा, म्हणजे हत्यारं काढली. दोन म्हणायचा, म्हणजे झाकण लावलं. तीन म्हणायचा, म्हणजे मी बाहेर आलो. मग खटका टाकायचा. रोजचं काम, रोजचा जोडीदार. साहेब मागे उभा, मशिनं खोळंबली आहेत म्हणून घाई करत होता. दोन ऐकल्यावर तीन येणारच, रोज येत होतं. त्या दिवशी सुकदेवचं एक हत्यार आत राहिलं असावं आणि तो ते काढायला परत वळला असावा, असं नंतर म्हणाले लोक. नानांनी फक्त दाराची काच पांढरी झालेली पाहिली.

“मी बी खटका दोनवरच टाका व्हता.”

घरी सगळ्यांना एवढंच माहीत होतं की नाना त्या अपघातातून वाचले. खटक्यावर नाना होते हे मनीषाच्या आईलाही माहीत नव्हतं. मनीषा उठली आणि खुर्चीशी खाली बसून तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी तोंड फिरवून लाइटच्या वायरी गुंडाळत राहिले. गुंडाळायचं काही नव्हतं.

मग नानाच म्हणाले, आता लाइट लाव. मी विचारलं, भीती वाटत नाही का? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यभर फोटो काढून शिकले नव्हते.

“माले उजेडनी भीती नही. इचारा बिगर येस, त्यानी भीती शे. तू इचार. मी सांगसू, मंगच कर.”

भीती न विचारता येणाऱ्या उजेडाची होती. घरात दिवा लावण्याआधी विचारायची त्यांची सवय मला तेव्हा आठवली. ज्याच्यावर उजेड पडणार आहे, त्याला विचारायचं. त्याने कर म्हणायचं. आपण करतो म्हणून परत सांगायचं. मग करायचं. सुकदेवनंतर हा माणूस रोज हेच करत आला होता, रिकाम्या खोलीतसुद्धा.

मी आठकोनी सॉफ्टबॉक्स बाजूला केला. तो पेटला की त्यांच्यासमोर अख्खं पांढरं दार उभं राहत होतं, ते मला आता कळलं होतं. कपाटावरून अब्बांची छत्री काढली. तिची एक शिवण उसवलेली होती ती तशीच राहू दिली. दिव्याचं तोंड छत्रीकडे केलं, म्हणजे पेटलेला दिवा त्यांना दिसणार नाही. फ्लॅशमध्ये एक साधा बल्बही असतो, उजेड कुठे पडेल ते बघण्यासाठी, तो चालू ठेवला, म्हणजे अंधारातून एकदम काही येणार नाही. छत्री खोलीभर उजेड उधळते म्हणून लोक तिला नावं ठेवतात. मला तेच हवं होतं. भिंती, छत, सगळीकडून थोडा थोडा यावा, कुठल्या एका जागेवरून चालून येऊ नये.

मग मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले आणि विचारलं, नाना, करू? ते काही बोलले नाहीत. पूर्वीची मी असते तर परत विचारलं असतं, विनोद केला असता, हसवलं असतं. मी गप्प उभी राहिले. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता तरी पुसला नाही. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. आवाज आला नाही म्हणून मी दाबलं नाही. मग ते स्पष्ट म्हणाले, कर. मी म्हटलं, करते. फ्लॅश पडला. त्यांचं अंग एकदा शहारलं, खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट धरला, आणि ते बसून राहिले. मनीषाने दोन्ही हात तोंडावर दाबले होते.

त्या दिवशी आम्ही खूप फोटो काढले. प्रत्येक वेळी विचारून. दोनदा ते नको म्हणाले, दोन्ही वेळा मी थांबले. मला वाटतं त्या नकोमुळेच पुढचे फोटो झाले.

पण स्टुडिओ वेगळा आणि मांडव वेगळा. लग्नाचे फोटो मुलाकडच्यांनी भुसावळच्या एका फोटोग्राफरला दिले होते. मी त्याला जाऊन भेटले. चांगला होता, अदब ठेवून बोलत होता, पण म्हणाला, ताई, विचारून काढलं की चेहरा मरतो, आता सगळ्यांना नकळत काढलेलेच फोटो लागतात. त्याचं काही खोटं नव्हतं. मी स्वतः हेच शिकवत आले होते. शेवटी मी विनवणीच केली. कन्यादानाचे फोटो मी काढेन, तू तेवढा वेळ फक्त व्हिडिओ घे, स्थिर लाइटवर. नाव तुझंच राहू दे. तो तयार झाला.

राहिले पाहुण्यांचे मोबाइल. नानांना विचारून मनीषाने नवऱ्या मुलाला सगळं सांगितलं. प्रशांत त्याचं नाव, दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. तो विजेच्या कामातलाच, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही. मुहूर्ताआधी त्याने स्वतः माइक घेतला आणि हात जोडून सांगितलं की मोबाइलचा फ्लॅश सगळ्यांनी बंद ठेवा, माझी विनंती समजा. कारण सांगितलं नाही. त्याचे ते काका खाली बसल्या बसल्या काहीतरी पुटपुटले.

धुळ्याचं मंगल कार्यालय, भर दुपार. कूलरचा वारा असा की मी छत्रीच्या स्टँडला वाळूच्या पिशव्या तर लावल्याच, वर सुतळीने खांबाला बांधलं. नाना मांडवात येऊन बसले तेव्हा मनीषाची आई, अक्का, पदर तोंडात धरून उभी होती. मनीषाच्या हाताखाली नानांची ओंजळ होती, वरून अक्का पाण्याची धार धरणार होती. गुरुजींनी मंत्र सुरू केले, अक्काने धार सोडली. मी कॅमेरा वर घेतला. आणि बाजूच्या खुर्चीवर चढलेल्या कुठल्याशा मावशीच्या मोबाइलमधून लख्ख उजेड पडला.

नानांची ओंजळ सुटली. पाणी त्यांच्या मांडीवर, पाटावर सगळीकडे झालं. ते अर्धे उठले होते. त्यांची नजर दाराकडे गेलेली मी पाहिली, आता पिंप्राळ्यासारखेच पळतील असं वाटलं. मागून कोणीतरी म्हणालं, झालं परत सुरू. गुरुजी थांबले. मनीषा हलली नाही. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला होता, रिकामा.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी कॅमेरा खाली घेतला, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसावं, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, नाना, करू? सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. गुरुजींना वाटलं असेल ही बाई वेडी आहे. नाना उत्तर देत नव्हते. मी वाट बघत उभी राहिले. वाट बघण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं, आणि तेवढी लांब वाट मी कधी पाहिली नाही. छत्रीचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. नानांनी एकदा त्या छत्रीकडे पाहिलं, एकदा मनीषाच्या हाताकडे. ते खाली बसले. ओंजळ परत तिच्या हाताखाली नेली. अक्काने परत धार धरली.

कर, म्हणाले. करते, मी म्हटलं, आणि दाबलं. ते बसून राहिले. त्यानंतर मी प्रत्येक फोटोआधी विचारलं आणि गुरुजी प्रत्येक वेळी थांबले. मुहूर्त काही पळून गेला नाही.

पाठवणीच्या वेळी गडबड उडाली होती. गाडी दारात, हॉर्न चालू, मुलाकडचे घाई करत होते. मी दाराशी छत्री लावून मनीषाचा एकटीचा फोटो घ्यायच्या तयारीत होते. नाना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी नुसता हात पुढे केला, तळवा वर करून. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि मी रिमोट त्यांच्या हातावर ठेवला. अंगठा त्यांनी बटणापासून दूर धरला होता.

“करू का, बेटा?” त्यांनी विचारलं.

मनीषाचे डोळे वाहत होते, पदर खांद्यावरून उतरला होता. थांबा नाना, असं ती म्हणाली. काका गाडीतून ओरडले, चला, उशीर होतोय. हॉर्न वाजला, परत वाजला. नाना थांबले. तिने नाक पुसलं, पदर सारखा केला, एकदा हुंदका आला तो जाऊ दिला. नाना तसेच उभे होते, अंगठा वर धरून, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. मग तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, हं, करा.

“करस,” नाना म्हणाले, आणि बटण दाबलं.